सोलापूरजवळ पानगळीचे रंग बघायचेत? आधी गवताकडं बघा

प्रश्न असा आहे. कॅनडात राहणारा कॉलेजातला मित्र यंदा दिवाळीला सोलापुरात येतोय. तिकडं ऑक्टोबर लागला की मेपलची लाल-केशरी रानं बघत दिवसभर पायी हिंडायची त्याला सवय. ‘आपल्याकडंही असा एक दिवस काढू, पानगळ बघत चालू,’ असं त्यानं कळवलंय. विचारणाऱ्याचं म्हणणं, सोलापुरात बाभळी आणि कडुनिंब सोडून काय आहे? त्यापेक्षा त्याला महाबळेश्वरला नेऊ का?

महाबळेश्वरला नेऊ नका. तिथलं रान सदाहरित आहे, दिवाळीत ते गच्च हिरवं असतं. थंड हवा मिळेल, रंग मिळणार नाहीत. रंग सोलापुरातच आहेत, शहरातून निघून तासाभरात गाठता येतील इतके जवळ. फक्त तुम्ही ते झाडावर शोधताय, आणि त्या दिवसांत ते असतात पायाशी. गेली पंचवीसेक वर्षं मी या माळांवर चालतोय, लोकांना घेऊन जातोय, आणि पहिल्यांदा येणाऱ्या जवळपास प्रत्येकाची नजर वर, झाडांकडंच असते. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गोंधळाची सुरुवात शब्दापासून होते. शाळेत आपण ‘ऑटम’ म्हणजे शरद असं पाठ केलं, आणि ‘ऑटम’ म्हणजे पानगळ हे सिनेमात बघितलं. मग शरद म्हणजे पानगळ असं डोक्यात बसलं. आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक: घटस्थापना, दसरा, कोजागरी, दिवाळी. या दिवसांत आपल्याकडचं झाड पानांनी भरलेलं असतं. दसऱ्याला आपण आपट्याचं पान सोनं म्हणून देतो ते हिरवंगार असतं, हे आठवून बघा. आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. म्हणजे तुमचा मित्र कॅनडाला परत जाऊन दोन-तीन महिने झाल्यावर पळस, सावर, कडुनिंब पानं टाकायला लागतील.

असं का होतं, हे मित्राला वाटेत सांगता येईल, म्हणून थोडक्यात सांगतो. तिकडच्या झाडाला हिवाळ्याची चाहूल लागते ती दिवस लहान होण्यातून. टोरांटोत जूनमधला दिवस साडेपंधरा तासांचा असतो, डिसेंबरातला नऊ तासांचाही नसतो. हा फरक इतका मोठा आहे की झाडाला तो वर्षाचा सांगावाच असतो. ते पानातलं हरितद्रव्य मोडून कामाची द्रव्यं खोडात ओढून घेतं. हिरवा उतरला की पानात आधीपासून असलेला पिवळा, म्हणजे कॅरोटिनॉइड, उघडा पडतो. मेपलसारखी झाडं त्याच वेळी पानातल्या साखरेपासून लाल रंग नव्यानं तयार करतात. तो अँथोसायनिन. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, पण पाणी गोठेल इतका नाही, असे दिवस मिळाले की लाली खुलते. शेवटी देठाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि पान सुटतं.

सोलापूर साडेसतरा अंशांच्या जरा वर. इथं सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या थोडा पुढं, सगळ्यात लहान अकरा तासांचा. तेवढ्या फरकानं आपल्या झाडाचं काही अडत नाही. त्याला चिंता पाण्याची. आपण पर्जन्यछायेतले, वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातही सप्टेंबरचा वाटा सगळ्यात मोठा. म्हणजे दसरा-दिवाळीला जमिनीत नुकतं पाणी मुरलेलं असतं. झाडाची मुळं खोल, त्याला ते पाणी माघापर्यंत पुरतं. ते कशाला पानं टाकेल? पण गवताची मुळं वरच्या वीतभर मुरमातली. परतीचा पाऊस थांबला, ऑक्टोबरची ऊन्हं चार-आठ दिवस तापली की वरचा थर सुकतो. गवत बी धरतं, बी पिकवतं, उरलेला जीव मुळांत नेऊन ठेवतं आणि वरचा हिरवा सोडून देतं. मेपलचं झाड जे करतं तेच, फक्त घोट्या-गुडघ्याच्या उंचीवर आणि कोसभर माळावर एकदम.

आता जागा. सोलापूर-बार्शी रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज. माळढोक पक्षी अभयारण्याचा हा भाग, अभयारण्य जाहीर झालं १९७९ साली. नान्नज, मार्डी, वडाळा हा सगळा पट्टा लाटांसारख्या उतरत्या-चढत्या माळांचा: खाली काळा कातळ, वर पातळ मुरूम, मध्ये ओढ्याकाठी बोरी, हिवर, बाभळी. माळढोक दिसेल अशी आशा मात्र मित्राला लावू नका. गेल्या काही वर्षांत नान्नजला त्याचं दर्शन फार फार दुर्मिळ झालंय, आणि ते दुःख इथं चालणाऱ्या प्रत्येकाच्या मनात आहे. पण माळ शिल्लक आहे, आणि तुम्ही बघायला निघालाय ते माळाचे रंग.

गवतं ओळखायला शिका, म्हणजे रंग वेगवेगळे दिसायला लागतील. नाहीतर सगळं ‘वाळलेलं’ दिसतं. कुसळी सगळ्यात आधी ओळखू येते. पिकली की ती तांबूस होते, तांब्याच्या जुन्या भांड्यासारखी, आणि टोकाची काळपट कुसळं एकमेकांत पीळ घालून बसलेली असतात. पवन्या आणि शेडा फिकट सोनेरी. वाऱ्यावर हे आडवे होतात तेव्हा माळाच्या अंगावरून पांढरट झाक पळत जाते. मारवेल जरा ओलसर, सखल जागी. तिच्या काडीत जांभळट छटा असते आणि ती सगळ्यात उशिरा वाळते. म्हणून ओढ्याच्या दिशेनं उतरत गेलात की सोनेरीतून तांबूस, तांबूसातून जांभळट, आणि अगदी तळाला अजून हिरवा पट्टा, असं एकाच उतारावर दिसतं. जमिनीत पाणी कुठं किती उरलंय, याचा तो नकाशाच असतो. मध्येच पिवळ्या फुलांचा तरवड, जो नवरात्रात घटावर वाहतात. आणि शेताच्या बांधाला कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे.

हे मला ज्यानं बघायला शिकवलं तो माझा मित्र काही निसर्ग-अभ्यासक नव्हता. घरी तेलुगू बोलणारा, पूर्व भागात वाढलेला, चाळीस वर्षं सूत रंगवण्याच्या आणि यंत्रमागाच्या धंद्यात काढलेला माणूस. आम्ही दोघं पहिल्यांदा नान्नजला गेलो ते पक्षी बघायला. मी दुर्बीण लावून आकाश चाळत होतो. तो गवताकडं बघत उभा होता. थोड्या वेळानं म्हणाला, ‘जरा इकडं ये. आता बघ.’ मी बघितलं: पिवळं गवत. ‘आता असा फिर, सूर्याकडं तोंड कर.’ फिरलो, आणि तेच गवत लालसर पेटलेलं. तो म्हणाला, ‘धूपछाँव आहे. ताणा पिवळा, बाणा तांबडा.’

धूपछाँव साडी ज्यांनी हातात धरली आहे त्यांना हे लगेच कळेल. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. पदर जसा हलवाल तसा रंग बदलतो. गवताचंही तसंच आहे. उन्हाच्या बाजूनं बघितलं तर पातीचा वरचा फिका, चकाकणारा भाग दिसतो. उन्हाच्या विरुद्ध बघितलं तर उजेड काडीतून, कुसळातून आरपार येतो आणि आतली लाली दिसते. मेपलचं पानही उन्हाकडं धरूनच बघतात, तुमच्या मित्राला हे नवीन नसेल. त्या दिवसानंतर मी माळावरची प्रत्येक वाट अशी आखतो की सकाळी जाताना पूर्वेकडं तोंड आणि संध्याकाळी परतताना पश्चिमेकडं. तुम्हीही तेवढं एक पाळा. बाकी काही चुकलं तरी चालेल.

वेळ मात्र चुकवू नका. एकदा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन मी निघालो. चहा-नाश्ता, कुणाची अंघोळ, कुणाचा फोन, असं करत माळावर पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. डोक्यावर ऊन, सावली पायाखाली, आणि समोर रंग नावाची गोष्टच नाही, नुसता पांढुरका भगभगीत विस्तार. पाहुणे चांगले होते, काही बोलले नाहीत, पण त्यांतली एक मुलगी हळूच आईला म्हणाली, ‘इथं काय बघायचं?’ दोष माळाचा नव्हता, माझा होता. ते लोक पुन्हा आले नाहीत, आणि त्यांच्या लेखी सोलापूरचा माळ म्हणजे वाळलेलं गवत एवढंच राहिलं असणार. ती गोष्ट मला अजून लागते.

दिवाळीच्या सुमारास सोलापुरात सूर्य साधारण साडेसहाच्या आत-बाहेर उगवतो आणि सहाला काही मिनिटं कमी असताना मावळतो. सकाळी उजाडताना माळावर पाय ठेवायचा, म्हणजे शहरातून पावणेसहाच्या आत गाडी निघाली पाहिजे. साडेआठपर्यंत रंग टिकतात. संध्याकाळी साडेचारला परत सुरू होतात आणि शेवटची वीस मिनिटं सगळ्यात मोलाची. मधला वेळ चालण्यात घालवू नका. ऑक्टोबरचं ऊन उन्हाळ्याइतकंच अंग भाजतं, आणि तुमचा मित्र थंड मुलखातून येतोय.

तारीखही जरा बघून ठरवा. दिवाळी लवकर आली तर गवत थोडं हिरवट असेल, उशिरा आली तर पिकलेलं सोनेरी. माझ्या मते दसऱ्यानंतरचा पंधरवडा ते कार्तिक पौर्णिमा हा उत्तम काळ. त्यानंतर ऊन रंग खात जातं, कापणी होते, मेंढरं फिरतात, आणि मार्गशीर्षापर्यंत माळ चिपाडाच्या रंगाचा होतो. त्या रंगालाही त्याची म्हणून एक शोभा आहे, पण पहिल्यांदा येणाऱ्याला ती दाखवून पटत नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवा: बेत कोजागरीच्या आसपासचा ठरत असेल तर तुळजापूर रस्ता त्यातून वगळा. त्या रात्री सोलापुरातून लाखो लोक पायी तुळजापूरला निघतात, वाहतूक दुसरीकडून वळवलेली असते. आई भवानीच्या दर्शनाला चालत जायचं असेल तर जरूर जा, तो वेगळाच अनुभव. पण गाडीनं गवत बघायला त्या रस्त्याला जाऊ नका.

आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर बेत पुढं ढकला. मुरमाचा माळ तासाभरात कोरडा होतो, पण माळापर्यंत नेणाऱ्या पाणंदी काळ्या मातीतून जातात. ओल्या काळ्या रानात बूट शेर-शेर मातीनं जड होतात आणि मडगार्डात चिखल साचून दुचाकीचं चाक फिरायचं थांबतं. मी स्वतः अशी गाडी दोन शेतकऱ्यांच्या मदतीनं उचलून बाहेर काढलीय.

आता दिवस कसा घालवाल ते सांगतो. अभयारण्याच्या हद्दीत जायचं तर नान्नजला वन विभागाकडं आधी चौकशी करून, नोंद करून, जे काही शुल्क असेल ते भरून, ते सांगतील त्याच वाटेनं जायचं. ‘कुणी बघत नाही’ म्हणून कुंपण ओलांडू नका. त्या गवतात जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत, आणि हिवाळ्याच्या तोंडाला लांडग्याच्या माद्या पिल्लांसाठी जागा शोधत असतात. ड्रोन घरी ठेवा. परवानगीचं जमलं नाही तर निराश होऊ नका. आजूबाजूच्या गावांची गायरानं, रस्त्याकडेचे माळ यांवरही तेच गवत आहे. फक्त कुणाच्या रानातून जाताना विचारून जा. आपल्याकडं विचारलं की नाही म्हणणारा शेतकरी मला क्वचितच भेटला. उलट बहुतेकांनी तांब्याभर पाणी आणि मूठभर शेंगा देऊन पाठवलंय.

सकाळची चाल चार-पाच किलोमीटरची पुरे. चढ नगण्य आहेत, पण घाई करू नका. दोघांतलं एकजण पुढं आणि एकजण मागं असं न चालता, वाट रुंद असेल तिथं शेजारी-शेजारी चाला आणि बोलणं कमी ठेवा. माळ मोकळा असल्यानं आवाज लांब जातो. गप्प चाललात तर काळविटांचा कळप तुमच्याकडं मान वर करून बघत उभा राहतो. मोठ्यानं बोलत गेलात तर नुसत्या पांढऱ्या शेपट्या दिसतात. पायाखालून धाविक पक्षी पळेल, पखुर्ड्यांची जोडी शेवटच्या क्षणी फडफडत उठेल, चंडोल वर चढून गात राहील. आणि गवताच्या टोकांना पंख टेकतील इतक्या खालून एखादा लांब पंखांचा शिकारी पक्षी संथ घिरट्या घालत गेला तर तो भोवत्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात तो मध्य आशियाकडून येतो आणि हिवाळाभर आपल्या माळांवर राहतो. तुमचा मित्र हजारो मैलांवरून आलाय, हा पक्षीसुद्धा, आणि दोघं येतात ते याच गवतासाठी. संध्याकाळी हे भोवते गवतातच, जमिनीवर, एकत्र उतरून रात्र काढतात. ते उतरताना दिसले तर आहात तिथंच बसा, जवळ जाऊ नका. एकदा उठवले की अंधारात त्यांना दुसरी जागा शोधावी लागते.

दुपारी देवळाचा ओटा किंवा वडाची सावली बघून बसायचं. जेवणाचं काही हॉटेलात शोधू नका. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा, आणि दही मिळालं तर दही. ही शिदोरी मुळात अशाच दिवसासाठी झालीय: पिशवीत दिवसभर राहिली तरी बिघडत नाही आणि डबा उघडा पडला तरी सांडत नाही. पाणी माणशी तीन लिटर, त्याहून कमी नको. माळावर टाकी, नळ काही नाही. चूल-शेगडी पेटवायची नाही, विडी-सिगारेट तर नाहीच. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते, आणि वारा असला की आग माणसाच्या पावलापेक्षा वेगानं पळते. वन विभाग जाळरेषा काढतो ते त्यासाठीच. पण रेषा आग थांबवायला असते, तुम्ही लावावी म्हणून नसते.

दुपार जड जात असेल तर परतीच्या वाटेला हिप्परग्याच्या तलावाकडं जाऊन बसता येईल. एकरूख तलाव, ब्रिटिश काळातला, आदिला नदीवर बांधलेला. काठाच्या लव्हाळ्यावर पाणपक्षी असतात आणि तिथं संध्याकाळ छान जाते. पण मला विचाराल तर संध्याकाळचं ऊन पुन्हा माळावरच घ्यावं. तलाव दुसऱ्या दिवशीही बघता येतो.

कपड्यांचं एक नीट ऐका, कारण कुसळी ज्याला लागली त्याला तिचे रंग दिसत नाहीत. लोकरीचे किंवा जाड विणीचे मोजे नकोत, कुसळ विणीत शिरतं आणि मग मांसात. घट्ट विणीची गुळगुळीत कापडी पँट, पायघोळ नको, घोट्याशी बांधलेली. बूट घोट्याच्या वर येणारे. बुटावरून जुन्या रेनकोटच्या कापडाची पट्टी गुंडाळलीत तर सगळ्यात उत्तम, त्यावर कुसळ टिकत नाही. धनगर पिकलेल्या कुसळीत मेंढरं घालायला का कचरतात ते एकदा मोजे काढताना कळेल.

बूट दुसऱ्या कारणासाठीही हवेत. या मुरमाड माळावर फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत, दोन्ही जहाल विषारी, आणि दोघांचा रंग नेमका वाळल्या गवताचा. भीती बाळगू नका, शिस्त बाळगा. मळलेल्या वाटेनं चाला, दगडावर बसण्याआधी काठीनं आजूबाजूला चाचपून घ्या, दगड उलटून बघायचा मोह टाळा, आणि सूर्य मावळल्यावर गवतातून चालायचं नाही. शेवटची वीस मिनिटं बघायची तर ती गाडीरस्त्यालगत उभं राहून बघा आणि बॅटरी खिशात ठेवा. चुकून दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करायचं नाही. पाय हलू न देता थेट सोलापूरचं मोठं रुग्णालय गाठायचं. इतक्या वर्षांत माझ्यासोबतच्या कुणालाही हे करावं लागलं नाही, याचं कारण आम्ही वाट सोडली नाही.

मित्र जर दिवाळीऐवजी जानेवारी-फेब्रुवारीत येऊ शकला, किंवा त्याची पुढची सुट्टी तेव्हाची असेल, तर उत्तर वेगळं आहे. मग त्याला येडशीच्या रामलिंगला न्या. तुळजापूर-धाराशिवमार्गे दोनेक तासांचा रस्ता. बालाघाटाच्या डोंगरातली ही पानझडी रानाची दरी, खाली ओढ्याकाठी महादेवाचं देऊळ, १९९७ पासून अभयारण्य. धावडा आपल्याकडचं असं झाड आहे जे पान टाकण्याआधी खरोखर रंगतं, तांबूस-विटकरी. सावर तोवर उघडी झालेली असते. पायाखाली पानांचा थर वाजतो, आणि ती कुरकुर ऐकली की कॅनडातल्या माणसाला आपण कुठं आलोय ते सांगावं लागत नाही. फेब्रुवारी सरता सरता गेलात तर पळस फुललेला. त्याची पानं गळून गेलेली आणि सगळा रंग फुलांत. देवळापाशी माकडं आहेत, हातात खाऊची पिशवी धरून उतरू नका, आणि मोहोळाखाली धूर-अत्तर टाळा.

आणि हिवाळ्यात आलाच तर शहरातला एक रंग त्याला नक्की दाखवा. देशी बदाम. शाळांच्या पटांगणात, जुन्या बंगल्यांच्या कुंपणाशी, चाळींच्या चौकात हे झाड आहे आणि आपण रोज त्याच्याखालून जातो. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास त्याची तळहाताएवढी पानं लालभडक होऊन गळायला लागतात. ती लाली मेपलच्याच जातीची, तेच अँथोसायनिन. झाडूवाल्या मावशी सकाळी ती पानं ढिगानं गोळा करतात. मी एकदा त्यांतली पाच-सहा निवडून घरी आणली, वहीत दाबली, आणि माझ्या रंगणीवाल्या मित्राला दाखवली. त्यानं एकेक पान उजेडाकडं धरून बघितलं आणि सांगितलं की हा लाल सुतावर चढवायला त्याला दोनदा बुडवावं लागलं असतं.

त्याचे गुडघे आता माळावर चालू देत नाहीत. दिवाळीनंतरच्या एखाद्या संध्याकाळी मी त्याला गाडीतून नान्नजच्या बाजूला नेतो. रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून आम्ही पश्चिमेकडं तोंड करून बसतो. मी काही बोललो तर तो हातानं थांबवतो.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण हे कुणी सांगत नाही. मित्र परत जाण्याआधी त्याचे बूट, मोजे, पँटच्या शिवणी नीट बघा. एकेक कुसळ चिमट्यानं काढा, बुटाचा तळ ब्रशनं धुवा. परक्या मुलखात आपलं बी नेऊन टाकणं बरं नाही, आणि तिकडं विमानतळावर माती लागलेल्या बुटांबद्दल विचारतातही. काढलेल्या कुसळांतलं एक मात्र बाजूला ठेवा. त्याच्या तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. थोड्या वेळात कुसळाचा पीळ सुटायला लागतो आणि ते हातावर आपसूक फिरतं. वाळलं की उलटं फिरून परत पीळ घालतं. पावसाचं पाणी आणि ऊन आलटून-पालटून मिळालं की असंच फिरत फिरत ते बी मुरमात शिरतं. पुढच्या वर्षीचा माळ तिथून उगवतो.